छापखानेवाल्या काकांची तीन चित्रं

भाड्यानं खोली घेताना मी आजवर अनेक अटी ऐकल्या आहेत. मासे शिजवायचे नाहीत, भिंतीला खिळा मारायचा नाही, गावाकडची माणसं आठ दिवसांवर राहता कामा नयेत. पण घरात पांढरा सदरा घालायचा नाही, ही अट मला आयुष्यात एकाच माणसानं घातली. रत्नागिरीत. मी तिथल्या एका सरकारी कचेरीत नुकताच बदलून आलो होतो, लग्नाला वर्ष झालं होतं आणि माझ्याकडं एकूण चार सदरे होते. चारही पांढरे, टेरिकॉटचे.

"मग दोन रंगीत शिवून घ्या," घरमालक म्हणाले. "वाईच भडक घ्या. लाजायचं नाय. फक्त मोहरीचा रंग नको, तो माझा आहे."

ते खरंच होतं. त्यांच्याकडं मोहरीच्या रंगाचे सहा बुशशर्ट होते, एकाच ताग्यातून शिवलेले, आणि सहाही सारखेच विटलेले. पहाटे विहिरीवर, दुपारी बाजारात, कोणाच्या बाराव्याला, कुठंही तोच रंग. गल्लीत त्यांना छापखानेवाले म्हणायचे, कारण तीस वर्षं ते मुंबईच्या एका छापखान्यात मशीनमन होते. आम्ही काका म्हणू लागलो. दूधवाल्याला त्यांनी स्वतःहून लाल टोपी आणून दिली होती. मासे घेऊन येणाऱ्या बाईला बजावलं होतं की आमच्या दारात येताना हिरवंच लुगडं नेसायचं. ती टोपली उतरवता उतरवता हसायची. "काका, माजी लुगडी मोजून ठेवलात काय?" काका गंभीरपणे म्हणायचे, "लुगडी नाय, रंग."

मी दोन सदरे शिवले, एक पोपटी आणि एक विटकरी. खोल्या हवेशीर होत्या, विहिरीला बारमाही पाणी होतं. एका म्हाताऱ्याच्या लहरीखातर तेवढं करायला माझी हरकत नव्हती. पोपटी सदऱ्यात मी कसा दिसतो यावर बायको मात्र महिनाभर हसत होती.

पण काकांच्या वेडाचा खरा नमुना म्हणजे त्यांच्या भिंती. घर चिऱ्याचं, कौलारू, आतून बाहेरून पांढरा चुना. समोरच्या दारातून ओटीवर आलं की बरोबर समोरच्या भिंतीवर एक पुरुषभर उंचीचं चित्र होतं. चित्र म्हणायचं एवढंच. त्यात माणूस नव्हता, झाड नव्हतं, देव नव्हता. वर गडद तांबडा चौकोन, खाली त्याहून गडद तांबडा चौकोन, आणि दोन्हींच्या कडा ओल्या कागदावर शाई पसरावी तशा पसरलेल्या. माजघरात तसंच एक पिवळं. आणि मागच्या दाराशी, जिथून तीन पायऱ्या उतरून विहिरीकडं जायचं, तिथं एक निळं. काचेच्या चौकटीत बसवलेली, खाली बारीक अक्षरात काहीही न लिहिलेली, नुसत्या रंगाची चित्रं.

एका मोठ्या हॉटेलच्या खोल्यांसाठी त्यांच्या छापखान्यानं परदेशी चित्रं छापली होती. त्यातले रंग बिघडलेले ताव बाद झाले, ते काकांनी मागून घेतले. "मूळच्यापेक्षा लाल जास्त लागला म्हणून बाद," ते अभिमानानं सांगायचे. "मला जास्तच पायजे होता." आलेल्या माणसाला ते तांबड्यासमोर साडेतीन हातांवर पाट टाकून बसवायचे आणि म्हणायचे, "बघू नका. नुस्तं बसा." माणूस पाच मिनिटं बसायचा, चुळबुळायचा आणि कोकमाचं सरबत पिऊन निघून जायचा. मग गल्लीत सांगायचा.

तेव्हा रत्नागिरीत नुकते रंगीत टीव्ही यायला लागले होते. छापखानेवाल्यांनी पण रंगीत टीव्ही घेतलाय, पण त्यावर चित्रच येत नाही, असं लोक म्हणायचे. लोक कशाला, ते वाक्य माझंच होतं. कचेरीत मधल्या सुट्टीत डबा उघडला की मला फर्माईश व्हायची, "आज काय म्हणतात तुमचे रंगारी?" आणि मी काकांचा आवाज काढून दाखवायचो. बघू नका, नुस्तं बसा. हशा पिकायचा. नव्या गावात माझी ओळख झाली ती काकांच्या जिवावर, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

खरं कारण मला काकांनी चौथ्या महिन्यात सांगितलं. पावसाळा होता. पावसाळ्यात ते रोज संध्याकाळी शेगडीत निखारे घालून चित्रांसमोर धरायचे, बुरशी धरू नये म्हणून. काकू आतून म्हणायच्या, "आधी चित्रं शेकतात, मग माझे गुडघे." मी हसलो आणि म्हणालो, "काका, एवढा खटाटोप कशाला? काढून ठेवा की दसऱ्यापर्यंत."

त्यांनी शेगडी खाली ठेवली, माजघराकडं पाहिलं आणि मला बाहेर पायरीवर नेलं.

"हिला दिसत नाय," ते म्हणाले. "म्हणजे तोंड दिसत नाय कोणाचं. अक्षर नाय, खिळा नाय, उंबरा नाय. मोठा रंग असला तर तेवढा दिसतो."

चार महिने मी त्या बाईच्या हातचा चहा पीत होतो. त्या माजघरातून ओटीवर यायच्या ते दोन्ही हातांत दोन भरलेले कप घेऊन, न अडखळता, आणि एक मला, एक काकांना द्यायच्या. मला कधी शंकाही आली नव्हती. गल्लीतही कोणाला माहीत नव्हतं.

काकांनी सगळा बेत समजावून सांगितला. त्यांच्या गल्लीतली चार घरं एकाच गवंड्यानं बांधलेली, तेवढ्याच पायऱ्या, तसेच दरवाजे. म्हणून समोरचं दार दिवसा कायम उघडं, रस्त्यावरून तांबडं दिसलं की आपलं घर आलं. पिवळं दिसलं की माजघर. निळं दिसलं की थांबायचं, पुढं पायऱ्या. मोहरीचा शर्ट म्हणजे नवरा, लाल टोपी म्हणजे दूध, पोपटी म्हणजे मी. छापखान्यातून आणलेले चाळीस ताव त्यांनी एकेक करून काकूंसमोर धरले होते आणि काकूंनी त्यातले तीन निवडले होते. "ती म्हणाली, याची कड मला दिसते तशीच आहे. ज्यानं काढलं त्याची नजर पण अशीच असणार." काका हे सांगताना हसले. "एवढ्या वर्षांत त्या चित्रांबद्दल एवढं शहाणं कोणी बोललेलं मी ऐकलं नाय."

"पण काका, भिंतीला हात लावून चालल्या तरी..."

"ते नाय," ते एकदम म्हणाले. "हात पुढं करून चालायला लागलं की माणूस आंधळा झाला. तोवर नाय. हात मोकळे पायजेत तिचे." मग म्हणाले, "तांबडा रंग सगळ्यात आधी मरतो. जादा ताव गुंडाळून ठेवलेत मी. आता रंग आधी संपतात का हिची नजर, ते बघायचं. तुम्ही घरातले म्हणून सांगितलं. बाहेर नको."

बाहेर मी ते सांगितलं नाही, एवढं एक खरं. पण कचेरीतली नक्कल बंद केली, असंही झालं नाही. लोक मागायचे आणि मी करायचो.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला बघायला एक स्थळ यायचं ठरलं. मुलगा अलोऱ्याला प्रकल्पाच्या वसाहतीत नोकरीला होता, त्याचे आईवडील आमच्यासारखेच घाटावरचे. ते मुलाकडं आलेच होते, म्हणून मुलगी रत्नागिरीलाच दाखवायची ठरली. माझी आई बहिणीला घेऊन गावाहून आली. आमच्या दोन खोल्यांत चार पाहुणे बसवायला जागा नव्हती. मी काकांना विचारलं.

"विचारता काय? ओटी तुमचीच," काका म्हणाले. त्यांना आणि काकूंना त्याच दिवशी मालगुंडला भाचीकडं सत्यनारायणाला जायचं होतं, संध्याकाळच्या एस.टी.नं परत. सकाळी निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पोरीला तांबड्याच्या उजव्या अंगाला बसवा. तोंडावर चांगला उजेड पडतो. मुलीचं काम आहे, काय कमी पडू देऊ नका."

ते वळणाआड गेले आणि आई ओटीवर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही पोतेरी काढ आधी."

"आई, ती चित्रं आहेत."

"कसली चित्रं? भिंतीला वल आलीया म्हनत्याल पावनं. न्हाईतर खुळ्याच्या घरात ऱ्हात्यात म्हनत्याल. पोरीचं लगीन मोडायचंय व्हय तुला?"

मी तिला कारण सांगू शकलो असतो. आईला सांगितलं म्हणजे बाहेर सांगितलं असं काही झालं नसतं. पण खरी गोष्ट अशी की मलाही ती तिथं नको होती. वर्षभर ज्यांच्यावर लोकांना हसवलं, त्या चित्रांखाली बसून पाहुण्यांनी माझ्याकडं बघून हसावं, हे मला सोसणारं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, सात वाजायच्या आत परत लावू. तिन्ही उतरवली, आमच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून ठेवली. त्या खिळ्यांवर शेजारून आणलेली काश्मीरची सीनरी, भरतकामाचं सुस्वागतम आणि आमचं भिंतीवरचं घड्याळ टांगलं. शेजारच्याच खुर्च्या, शेजारचीच सतरंजी. मग मी पेटीतून पांढरा सदरा काढला आणि घातला. पाहुण्यांसमोर पोपटी कसा घालणार?

पाहुणे चारला आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. बहीण पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, बसली. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. सगळं बेतानं चाललं होतं. बाहेर जीप थांबल्याचा आवाज झाला, पण गल्लीत जीप कोणाकडंही येते.

मालगुंडहून कोणीतरी शहरात येणारं निघालं आणि त्यांनी या दोघांना जीपमध्ये घातलं, हे मला मागाहून कळलं. काका पिशव्या उतरवत मागं राहिले होते. काकू नेहमीसारख्या झपझप पुढं आल्या, प्रसादाचा डबा दोन्ही हातांत धरून, पायऱ्या चढून उंबऱ्याच्या आत. आणि थांबल्या.

त्यांच्या समोर पांढरी भिंत होती. भिंतीपुढं पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पायाखाली अनोळखी सतरंजी, अत्तराचा वास. त्यांनी मान थोडी वर केली आणि जिथं तांबडं असायला हवं तिथं पाहत राहिल्या. मग उजवीकडं, मग डावीकडं. डबा छातीशी घट्ट धरला.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

सहा हातांवर मी होतो. काकू, मी आहे, एवढं म्हणायचं होतं. आवाज त्यांनी ओळखला असता. पाहुणे माझ्याकडं बघायला लागले होते, आणि मी तोंड उघडलं नाही.

काकू मागं वळल्या. "अहो, आपण चुकलो. हे घर आपलं नव्हे."

काका दारात आले. दोन्ही हातांत पिशव्या. त्यांनी भिंत पाहिली, काश्मीर पाहिलं, ट्रे धरून बसलेली माझी बहीण पाहिली आणि शेवटी मला पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, त्या पांढऱ्या सदऱ्यात. मी त्या वेळी मान खाली घातली असेन. पण त्यांचा आवाज ऐकला. अगदी सहज, मोठ्यानं म्हणाले, "होय गं, चुकलंच माझं. एक घर आधी थांबवलं जीपवाल्याला. चल." आणि पाहुण्यांना, "माफ करा हां मंडळी. चालू द्या तुमचं."

पिशव्या एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं त्यांनी काकूंना धरलं आणि स्वतःच्या घराच्या पायऱ्या उतरून गेले.

"कोण हो हे?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"शेजारचे," मी म्हणालो. "वय झालंय. होतं असं कधीकधी." आणि मी हसलो. ते हसू मला अजून माझ्या तोंडावर जाणवतं.

पाहुणे आणखी तासभर बसले. माझी बायको मधे खिडकीतून बघून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, दोघं गल्लीच्या तोंडाशी दगडी गडग्यावर उन्हात बसलीत, डबा मांडीवर घेऊन. मी तिला पोहे आणायला पाठवलं. मुलाच्या वडिलांनी आमच्या भिंतीकडं सबंध वेळात एकदाच पाहिलं, ते घड्याळात किती वाजले ते बघायला. जाताना ते म्हणाले, मुलगी पसंत आहे.

काका परत आले तेव्हा मी स्टुलावर चढून तांबडं टांगत होतो. त्यांनी खालून दोन्ही हातांनी चौकट धरली. "उतरा. उलटं लावताय." त्यांनी ते फिरवलं, लावलं, मग पिवळं, मग निळं. मी माफ करा म्हणालो. ते म्हणाले, "जमलं काय मुलीचं?" मी हो म्हणालो. "बरं झालं," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, हे मी शपथेवर सांगेन.

मग काकू आत आल्या. तांबड्यासमोर उभ्या राहिल्या. "हां, हे आपलं," म्हणाल्या. आणि डावा हात उचलून त्यांनी भिंतीला टेकवला, आणि भिंतीच्या कडेकडेनं माजघरात गेल्या.

दोन दिवसांनी काका आमच्या खोलीत आले. भाडेकरूच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असा त्यांचा नेम होता, तो त्यांनी एवढ्या एकाच वेळी मोडला. बसले नाहीत.

"मी तिला खरं ते सांगितलं," ते म्हणाले. "घर आपलंच होतं, तुझी नजर चुकली नाय, चित्रं काढलेली होती म्हणून. तिला पटत नाय. ती म्हणते, तुम्ही माझी समजूत घालताय. रंगांचासुद्धा भरवसा राहिला नाय, परक्याच्या घरात घुसले, आता मी हात लावल्याशिवाय चालायची नाय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही सांगितलंत तर पटेल. एवढं कराल काय?"

"उद्याच सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आई होती. आईसमोर कसं बोलणार? मग आई गेली, तर साखरपुड्याची धावपळ. मग वाटलं, आता इतके दिवस झाले, काकूंना विसरही पडला असेल, कशाला उकरून काढायचं? खरं तर मला त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं नव्हतं की तुम्ही दारात उभ्या होता, कोण आहे म्हणून विचारत होता आणि मी सहा हातांवर गप्प होतो. चित्रं काढली हे सांगणं सोपं होतं. त्याच्या पुढचं जड होतं, आणि एक सांगितलं की दुसरं आपोआप कळणारच होतं.

काकांनी पुन्हा कधी विचारलं नाही. एक दिवस कचेरीतून येऊन मी तसाच पांढऱ्या सदऱ्यात ओटीवर गेलो, आणि ते काहीही बोलले नाहीत. पोपटी कुठं आहे म्हणून रागावले असते तर बरं वाटलं असतं. काकू आता एका वेळी एकच कप आणायच्या, दुसरा हात भिंतीवर. आधी काकांचा, मग परत जाऊन माझा. चुन्यावर कमरेच्या उंचीला एक मळकट रेघ उठायला लागली होती. मी चहा टाळायला लागलो.

वर्षभरात माझी बदली झाली. निघताना काकूंनी बायकोच्या आणि माझ्या हातावर दही घातलं. माझा तळवा त्यांनी बोटांनी चाचपून शोधला. तेव्हाही सांगता आलं असतं. टेम्पो उभा होता.

चार वर्षांनी कचेरीच्या कामासाठी रत्नागिरीला गेलो. तोवर माझी बहीण दोन मुलांची आई झाली होती. मुद्दाम विटकरी सदरा घातला. दार उघडं होतं, समोर तांबडं होतं, उन्हानं पार फिकं पडलेलं. बदलायला कोणी नव्हतं. काका चैत्रात गेले होते. काकू ओटीवर बसल्या होत्या, आणि त्यांना आता सदऱ्याचा रंगही दिसत नव्हता. आवाजावरून ओळखलं. बहिणीची चौकशी केली, मुलं किती मोठी झाली विचारलं.

मी पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. चित्रं काढली ते, पांढरा सदरा, त्यांनी कोण आहे म्हणून विचारलं ते, शेजारचे म्हणून सांगितलं ते. काहीही गाळलं नाही. सांगताना वाटत होतं, आता त्या रागावतील, आणि त्यांनी रागवावं असंच मला वाटत होतं.

काकूंनी तोंड तांबड्याच्या भिंतीकडं वळवलं.

"म्हणजे ते खरं सांगत होते," काकू म्हणाल्या.

"हो."

"मी त्यांना म्हटलं, आयुष्यभर रंग बघितलेत, तुम्हाला खोटं तरी नीट बोलता येतं काय. दुसऱ्यांदा सांगायला आले तर म्हटलं, पुन्हा हा विषय काढाल तर अन्न घेणार नाय. मग नाय काढला त्यांनी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "शेवटपर्यंत नाय काढला. मला वाटायचं, खोटं पकडलं गेलं म्हणून गप्प बसले."



"थांबा, चहा आणते," त्या म्हणाल्या आणि उठल्या. डावा हात भिंतीवर त्या रेघेवर गेला आणि त्या माजघरात दिसेनाशा झाल्या. मी पाटावर बसून राहिलो, तांबड्यासमोर बरोबर साडेतीन हातांवर, आणि मान वर करून त्याच्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही. थोड्या वेळानं त्या एक कप घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला, आणि सवयीनं दुसरा आणायला वळल्या. दोन पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या भिंतीला हात लावून तिथंच उभ्या राहिल्या.